विकण्याचं बटण नसलेली नोकरी : शेअर बाजारातून खासगी गुंतवणुकीत गेलेल्या एका विश्लेषकाचं प्रकरण

या प्रकरणातली व्यक्ती मुंबईतल्या एका म्युच्युअल फंडात नऊ वर्षं मिडकॅप आणि स्मॉलकॅप, म्हणजे शेअर बाजारातल्या मध्यम आणि लहान कंपन्या बघत होती. डीलिंग रूममधली पोरं तिला ‘ताई’ म्हणायची, म्हणून इथेही ताईच. ओळख पटू नये इतपत गावं, क्षेत्रं आणि रकमा बदलल्या आहेत. मी तिच्या काही वर्षं आधी त्याच वाटेने गेलो होतो. प्रत्येक टप्प्यावर तिने मला विचारलं, आणि सगळ्यात महत्त्वाच्या टप्प्यावर मीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला नाही. त्यामुळे हे लिखाण अगदी तटस्थ आहे असा दावा नाही.

पार्श्वभूमी

सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मुंबईत एमबीए, दोन वर्षं एका ब्रोकरेजच्या रिसर्च विभागात आणि मग फंडात. तिच्याकडे कास्टिंग, बेअरिंग, पंप, ऑटोचे सुटे भाग असली क्षेत्रं होती. चाकण, वाळूज, राजकोट, कोईमतूर हे तिचे नेहमीचे दौरे. वार्षिक अहवाल हातात आला की ती अध्यक्षांचं भाषण सोडून थेट टिपांकडे जायची : संबंधित पक्षांशी व्यवहार, आकस्मिक देणी, येणं किती महिने थकलंय. कॉनकॉलवर, म्हणजे कंपनी निकालानंतर विश्लेषकांशी फोनवर बोलते तेव्हा, तिचा प्रश्न आला की काही प्रमोटर (कंपनीचे मूळ मालक) घसा खाकरायचे, हे मी स्वतः ऐकलंय.

बदलाचं बी मार्च २०२० मध्ये पडलं. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. गुंतवणूकदार पैसे काढत होते आणि ते द्यायचे तर शेअर विकणं भाग होतं. स्मॉलकॅपमध्ये अशा वेळी गिऱ्हाईक फक्त चांगल्या मालाला असतं, त्यामुळे विकला जातो तो चांगलाच माल. दोन वर्षं अभ्यास करून घेतलेल्या एका कंपनीचा बराचसा हिस्सा तिला चार दिवसांत मिळेल त्या भावाने सोडावा लागला. दीड वर्षात तो शेअर तिपटीच्या वर गेला. अंदाज चुकला असता तर तिने मान्य केलं असतं. अंदाज बरोबर येऊनही माल हातातून गेला, हे तिला पचलं नाही.

त्यात बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गवारीने चौकट आवळलेली होती. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप, त्यापुढच्या स्मॉलकॅप. आणि मिडकॅप योजनेने किमान ६५ टक्के पैसा मिडकॅपमध्येच ठेवायचा. नियम गुंतवणूकदाराच्या भल्याचाच होता. पण कंपनी आवडली तरी ती ‘आपल्या खणातली’ नाही म्हणून सोडायची, आणि दर महिन्याला शेजारच्या फंडापुढे आपला नंबर कितवा ते बघायचं, याचा तिला कंटाळा आला होता.

अडचण

तिच्या शब्दांत मागणी साधी होती : ‘सर, मला बंद पैसा हवाय. असा, की कोणी उद्या सकाळी परत मागणार नाही.’

मला दुसरं एक कारण दिसत होतं. ती चौतीस वर्षांची होती, वरचा फंड मॅनेजर पंचेचाळीसचा आणि तब्येतीने ठणठणीत. ती खुर्ची दहा वर्षं रिकामी होणार नव्हती. हे बोलून दाखवल्यावर ती हसली आणि नाही म्हणाली नाही.

घरच्या बाजूने : घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा ८५ हजारांचा हप्ता, चार वर्षांची मुलगी, नवरा इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. पगार ठरावीक ५२ लाख आणि चांगल्या वर्षी बोनस. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड.

धंद्याच्या बाजूने अडचण वेगळीच. नोकरीसाठी माणसं शोधून देणाऱ्या हेडहंटरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ‘डील किती केलेत?’ उत्तर : शून्य. दोनशे कंपन्या वाचल्या होत्या, पण एकदाही समोरच्या माणसाला भाव सांगून घासाघीस केली नव्हती. शेअर बाजारात भाव पडद्यावर असतो, घ्यायचा की सोडायचा एवढंच आपण ठरवतो.

समोरचे पर्याय

परदेशात दुसरं एमबीए हा पर्याय एका संध्याकाळी निकालात निघाला. हप्ता, मुलगी, वय.

मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रायव्हेट इक्विटी फर्म, म्हणजे बाजाराबाहेर थेट कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या : दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडून नकार आला. तिथे माणसं येतात ती गुंतवणूक बँका आणि सल्लागार कंपन्यांतून, आणि चाचणीत लिव्हरेज्ड बायआउटचं मॉडेल मागतात. कर्ज काढून कंपनी विकत घेण्याचा हा प्रकार आपल्याकडे फारसा वाढला नाही, कारण शेअर खरेदीला कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना वर्षानुवर्षं लगाम घातला होता. तरी परीक्षा त्याचीच. तिने तीन रविवार बसून ते मॉडेल शिकलं, पण तीन रविवार आणि तीन वर्षं यांतला फरक परीक्षकांना कळायचा तो कळला.

खासगी कर्जाचे फंड : एका भेटीतच तिला उमगलं की ते लोक प्रत्येक कंपनीत ‘बुडाली तर काय हाती लागेल’ एवढंच बघतात. ‘मी वाढ बघणारी बाई आहे,’ म्हणाली. विषय संपला.

पुण्यातल्या एका उद्योजक घराण्याचं फॅमिली ऑफिस, म्हणजे घरचाच पैसा गुंतवणारं कार्यालय : पगार उत्तम, पैसा खऱ्या अर्थाने बंद, कारण तो एकाच घरातला. पण टीम दोन माणसांची, आणि गुंतवणूक समिती म्हणजे रविवारचं जेवणाचं टेबल.

आयपीओच्या, म्हणजे कंपनी पहिल्यांदा शेअर बाजारात विक्रीला येण्याच्या, आधी दोन-तीन वर्षं शिरणारा फंड : माझा कौल याला होता. कंपनी नोंदणीच्या उंबरठ्यावर असते, आकडे बऱ्यापैकी शिस्तीत असतात, आणि ‘हिला बाजारात काय भाव मिळेल’ हा तिथला खरा प्रश्न तिला झोपेतून उठवलं तरी सोडवता आला असता. ऑफर येण्याच्या बेतात होती. तिने नकार दिला. ‘हे तेच काम झालं, फक्त शेअर अजून लिस्ट झालेला नाही.’ आजही मला वाटतं, तिने घाई केली. हाच पूल होता, आणि तो तिला पूल म्हणूनच कमी प्रतीचा वाटला.

उरला सहावा : मुंबईतला मध्यम आकाराचा देशी फंड, सेबीच्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) नियमांखाली कॅटेगरी दोनमध्ये नोंदलेला, सहाशे कोटींचा. कुटुंबाच्या मालकीच्या कारखानदारी कंपन्यांत ५० ते ८० कोटी घालून अल्पमताचा हिस्सा घ्यायचा आणि पाच-सहा वर्षांत बाहेर पडायचं, हा त्यांचा धंदा. म्हणजे तिचंच क्षेत्र आणि तिचीच गावं.

चाचणी आणि ऑफर

त्यांनी तिला एका खऱ्या कंपनीची कागदपत्रं दिली आणि चार दिवस दिले. तिने केलेलं काम मी पाहिलं होतं, देखणं होतं. सादरीकरण संपल्यावर एका भागीदाराने विचारलं, ‘घेतली. आता विकणार कोणाला?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. नऊ वर्षांत तिने खरेदीची शेकडो टिपणं लिहिली होती. गिऱ्हाईक कोण, हे एकातही लिहायची वेळ आली नव्हती. बाजारात गिऱ्हाईक गृहीतच असतं.

पण तिने तिथल्या तिथे कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संभाव्य खरेदीदारांचं तीन पानी टिपण पाठवलं. मला वाटतं, नोकरी तिला त्या तीन पानांनी दिली.

ऑफर अशी : हुद्दा एक पायरी खाली, ठरावीक पगार ४४ लाख, बोनस किरकोळ, आणि ‘कॅरीचा १ टक्का’. कॅरी म्हणजे गुंतवणूकदारांचं मुद्दल आणि ठरलेला किमान परतावा, रुपयातल्या फंडांत बहुधा ८ ते १० टक्के, देऊन झाल्यावर नफ्यातला जो २० टक्के वाटा फंड चालवणाऱ्यांना मिळतो, तो. त्यातल्या रुपयातला एक पैसा तिचा.

तिने हिशेब केला. सहाशेचे बाराशे झाले तर नफा सहाशे कोटी, कॅरी १२० कोटी, तिचा वाटा १ कोटी २० लाख. सहा-सात वर्षांनी मिळणारी ही रक्कम आणि दरवर्षी बुडणारा पगार-बोनस हे तराजूत घालून तिने मला विचारलं, ‘सर, व्यवहार वाईट नाही ना?’ मी हुद्द्यावरून वाद घाल म्हणालो. तिने घातला आणि हुद्दा वाचवला. आम्ही दोघंही खुश झालो.

फंड कितव्या वर्षात आहे, हे दोघांनीही विचारलं नाही.

पहिले अठरा महिने

२०२२ च्या मध्यात ती रुजू झाली. पहिलं मोठं काम गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं. दुसऱ्या पिढीतले मालक, उलाढाल १८० कोटींच्या घरात, नव्या भट्टीसाठी आणि मशीन शॉपसाठी पैसे हवे होते.

इथे तिचं जुनं कसब चमकलं. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. तिने महावितरणची छत्तीस महिन्यांची बिलं मागितली, कंपनीने सांगितलेल्या टनेजशी ताडून पाहिली, मग जीएसटीच्या विवरणांशी. आकडे जुळले. ऑडिट फर्मच्या पोरांनी तिची एक्सेल शीट मागून घेतली. एका शेडखालची जमीन मालकांच्या धाकट्या भावाच्या नावावर आहे आणि भाडेकरार नोंदलेलाच नाही, हेही तिनेच वीजजोडणीच्या नावावरून शोधलं.

भाव सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तिची पंचाईत झाली. तिने सवयीने नोंदणीकृत फाउंड्री कंपन्यांचे भाव आणि त्यांची एबिटाशी (व्याज, कर आणि घसारा वजा जाण्याआधीच्या नफ्याशी) गुणोत्तरं मांडली. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मॅडम, त्यांचा भाव रोज बदलतोय. मग माझा हा आजचा सांगितला की कालचा?’

प्रश्न थट्टेचा होता, पण बोट नेमक्या जागी होतं. पडद्यावरचा भाव हा दोन परक्या माणसांनी एका क्षणी मान्य केलेला आकडा. इथे भाव म्हणजे हिस्सा, हक्क, संचालक मंडळावरची जागा, नफा हुकला तर रूपांतराचं प्रमाण किती बदलणार, असा सगळा गठ्ठा. म्हणून असे पैसे बहुतेक वेळा थेट शेअरऐवजी, पुढे ठरल्या प्रमाणात साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतरित होणाऱ्या प्रेफरन्स शेअरमधून घालतात. ती हे वाचून आली होती, पण समोर बसून आकडा सोडायचा आणि कलम पदरात पाडून घ्यायचं, हे तिला दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत जमायला लागलं.

अडलं ते ड्रॅगच्या कलमावर. ठरल्या मुदतीत दुसऱ्या मार्गाने बाहेर पडता आलं नाही, तर फंड गिऱ्हाईक आणेल आणि प्रमोटरलाही आपला हिस्सा त्याला विकावा लागेल, असं ते कलम. वकिलाने मराठीत समजावून सांगितल्यावर मालक म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक घावलं की मी बी विकायचं? तुम्ही पाच वर्षांनी जाणार. मी काय, हितंच. हे न्हाई जमायचं, मॅडम.’

पाच महिन्यांच्या कामानंतर गुंतवणूक समितीने नकार दिला. एका गिऱ्हाइकावर ४१ टक्के विक्री, आणि बाहेर पडायची वाट बंद. म्युच्युअल फंडात असताना नाकारलेल्या कल्पनेवर तिचे दोन आठवडे जायचे, इथे पाच महिने गेले. नकार योग्य होता असं माझं मत. तिचं तेव्हा नव्हतं, आज अर्धं आहे.

खरा धक्का त्यानंतर बसला. फाउंड्रीचा विषय मिटल्यावर तिने पुढची कंपनी आणली, तेव्हा कळलं की नव्या गुंतवणुकीला पैसे फारसे उरलेलेच नाहीत. अशा फंडांना नवी गुंतवणूक करायला बहुधा पहिली चार-पाच वर्षं असतात. पुढची वर्षं राखणीची आणि विक्रीची. ती आली तेव्हा चौथं वर्ष संपत आलं होतं. सहाशेपैकी साधारण पावणेपाचशे कोटी गुंतलेले किंवा जुन्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेले होते. फी आणि खर्च वजा जाता नव्या डीलसाठी जेमतेम शंभर कोटी.

आणि कॅरी? योजनेचा मूळ दस्तऐवज तिला रुजू झाल्यावर मिळाला. नव्याने आलेल्याचा वाटा तो आल्यानंतरच्या गुंतवणुकींपुरताच, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे शंभराचे दोनशे झाले तर नफा शंभर, कॅरी वीस कोटी, तिचा पैसा वीस लाख. १ कोटी २० लाखांचे वीस लाख. तेही संपूर्ण फंडाने आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल आणि किमान परतावा दिला तरच.

कोणी फसवलं नव्हतं. जी बाई लोकांच्या वार्षिक अहवालाच्या टिपा आधी वाचायची, तिने स्वतःच्या मालकाच्या टिपा मागितल्या नव्हत्या.

निर्णयाचा दुसरा टप्पा

२०२३ च्या अखेरीस तिने परतायचा विचार केला. जुन्या फंडाने दार उघडं ठेवलं होतं. स्वभावाचाही प्रश्न होता : सकाळी सव्वानऊला हात आपोआप फोनकडे जायचा. कंपन्यांची महिन्याची आकडेवारी वीस तारखेला येणार आणि तीही कधी चुकीची, या संथपणाने ती कासावीस व्हायची. रोज एनएव्ही (फंडाच्या युनिटचा त्या दिवसाचा भाव) बघणाऱ्याला रोज गुणपत्रिका मिळते, इथे मूल्यांकन कागदावर आणि निकाल वर्षांनी.

ती थांबली त्याचं कारण एक जुनी गुंतवणूक. दुसऱ्या कारखान्यांना कच्चा माल म्हणून लागणारी रसायनं बनवणारी एक कंपनी आयपीओच्या तयारीत होती. भागीदारांनी ताईला त्यात घातलं, आणि टेबलाच्या या बाजूला बसून पहिल्यांदाच ती खोलीतली सगळ्यात जाणती ठरली. म्युच्युअल फंडाचा विश्लेषक काय विचारेल, याची साठ प्रश्नांची यादी तिने बनवली आणि कंपनीच्या वित्त प्रमुखाची तीन वेळा उलटतपासणी घेतली. किंमतपट्टा खाली ठेवा, असं तिने सांगितलं. अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे आयपीओ खुला होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर ३० दिवस आणि उरलेले ९० दिवस अडकून राहतात. त्यांना पहिल्याच महिन्यात तोटा दिसला तर आपला उरलेला हिस्सा नंतर घेणार कोण? भागीदार कुरकुरले. शेवटी पट्टा बँकरांनी सुचवला होता त्याहून थोडा खाली आला, तिला हवा होता तेवढा नाही.

फंडाने ऑफर फॉर सेलमध्ये, म्हणजे आयपीओत जुने भागधारक आपले शेअर विकतात त्या भागात, सुमारे चाळीस टक्के हिस्सा विकला. उरलेल्याच्या बाबतीत मजा झाली. शेअर रोज पडद्यावर दिसत होता, बटण परत आलं होतं, पण मंडळावर फंडाचा माणूस असल्यामुळे तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत खिडकी बंद, म्हणजे त्या शेअरची खरेदी-विक्री करायला मनाई. भाव वर होता ते बरेचसे दिवस तिने नुसते बघत काढले. ‘सर, मार्च वीसमध्ये विकायचं नव्हतं तर विकावं लागलं. आता विकायचंय तर...’ वाक्य तिने पुरं केलं नाही.

निष्पत्ती

त्या विक्रीतून फंडाच्या गुंतवणूकदारांच्या हातात पहिल्यांदा मोठी रोख रक्कम पडली. कागदावरचा परतावा कितीही चांगला असला तरी पुढच्या फंडाला पैसे देताना ते मोजतात हातात आलेला पैसा. दुसरा फंड उभा राहायला वर्षाहून जास्त लागलं, पण राहिला. त्यात ताईचा वाटा तीन पैशांचा आहे, पूर्ण फंडावर, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का होणारा. सही करण्याआधी दस्तऐवज तिने एका वकिलाला दाखवला, मला नाही. हे मला योग्य वाटलं.

पगार २०२२ च्या पातळीला यायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात घराच्या हप्त्यासाठी दोन वेळा म्युच्युअल फंडाची युनिटं मोडली. स्वतः पुढे राहून केलेली डील आजवर एक. पहिल्या दोन वर्षांचा बराचसा वेळ दुसऱ्यांनी केलेल्या गुंतवणुकींची राखण करण्यात गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, फंडाचा अभ्यास कंपनीसारखा करायला हवा होता. गुंतवणुकीची मुदत किती उरली, न गुंतवलेला पैसा किती, गुंतवणूकदारांना प्रत्यक्ष परत किती दिलं, पुढच्या फंडाची तयारी कुठवर, आणि वाटा पूर्ण फंडावर की डीलनिहाय. हे पाच प्रश्न दुसऱ्या मुलाखतीत सहज विचारता येतात आणि कोणी राग मानत नाही. आम्ही हुद्द्यासाठी भांडलो. ती ताकद दस्तऐवजासाठी वापरली असती, तर निदान सहा महिने थांबून ती थेट नव्या फंडात शिरली असती, किंवा पगारात भरपाई मागितली असती.

दुसरं, आयपीओपूर्व फंडाचा पूल. ती अजून मानत नाही. तिचं म्हणणं, तिथे गेली असती तर फाउंड्रीत बसून भाव सांगायला कधी शिकली नसती. मी म्हणतो, आयपीओच्या वेळी तू जे केलंस ते तिथे पहिल्याच वर्षी केलं असतंस. हा वाद दर दिवाळीला होतो.

तिसरं मी माझ्या खात्यावर लिहितो. मी आलो होतो नव्या कोऱ्या फंडात, पहिल्याच वर्षी. त्यामुळे फंडाचं वय हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि पडला नाही म्हणून मी तिला तो सुचवला नाही. सल्ला मागणाऱ्याने सल्ला देणाऱ्याला एवढं विचारावं : तुमच्या वेळी काय आयतं मिळालं होतं?

फाउंड्रीच्या मालकांनी शेवटी बँकेचं कर्ज घेऊन भट्टी बसवली. खंडेनवमीला हार घातलेल्या भट्टीचा फोटो ते ताईला पाठवतात, खाली त्या महिन्याचं टनेज लिहून. गेल्या वर्षी तिने उलट विचारलं, ‘त्या एका गिऱ्हाइकाचं प्रमाण किती आलं आता?’ उत्तर आलं : ‘एकतीस. या एकदा.’